हैबत्याचा मालक

"तुमचं कुत्रं कशावरून?" बाईंनी विचारलं.

आबा फाटकाशी उकिडवे बसले होते आणि हैबत्यानं त्यांच्या धोतरात तोंड खुपसलं होतं. मागचा उजवा पाय त्याला धड टेकत नव्हता, पण शेपूट अशी हलत होती की तिच्याबरोबर निम्मं अंग हलत होतं. लांडग्याच्या अंगावर जाणारं पाच वर्षांचं धिप्पाड कुत्रं, पण पिल्लासारखं कुईकुई करत होतं. यापरता पुरावा तो कुठला द्यायचा, असं मला वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"बघताय ना बाई? ओळख सांगतंय ते."

"बघतेय," त्या म्हणाल्या. "दूधवाला आला की त्याच्याशीही असंच करतो. राजा, चल आत."

हैबत्यानं मान वळवून बाईंकडे पाहिलं. गेला नाही, पण पाहिलं. आबांचा कानामागं खाजवणारा हात तिथंच थांबला.

"राजा म्हनत्यात व्हय तुला?" ते हळूच म्हणाले.

आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत फिरायचं, हे आमच्या सात पिढ्यांचं वेळापत्रक. त्यातून सुटलो तो मी एकटा. बी.ए. झालो, घाटाच्या अलीकडे तालुक्याच्या गावी शेतीखात्यात कारकून म्हणून चिकटलो. लग्न झालं, मुलगी झाली. आबांचा कळप वर्षातून दोनदा माझ्या क्वार्टरवरून जायचा. जाताना आणि येताना. आबा ओसरीवर बसून बशीनं चहा प्यायचे आणि पुढं निघायचे. बापलेकाची गाठ एवढीच. कळपात माझी जागा कुणी घेतली म्हणाल तर धाकट्या भावानं, गेनूनं नाही, हैबत्यानं घेतली होती. रात्रीची राखण सगळी त्याच्यावर. आबा सदुसष्ट वर्षांचे होते तरी त्याच्या भरवशावर गाढ झोपायचे.

त्या साली कोकणात उतरताना घाटाच्या तोंडाशी एका जीपनं हैबत्याला उडवलं. अंधारात तो कुठं फेकला गेला ते कळलं नाही. आबांनी दोन दिवस ओढे-नाले धुंडाळले. पण अडीचशे मेंढरं चाऱ्यावाचून किती थांबणार? बिबट्यानं नेलं असेल असं म्हणून ते घाट उतरले. वैशाखात परत येताना त्याच रस्त्यावर एका बंगल्याच्या फाटकाआडून ओळखीचं भुंकणं ऐकू आलं आणि आबा कळप गेनूवर सोडून मला बोलवायला कचेरीत आले. चार वर्षांत ते माझ्या कचेरीत आलेले ही पहिली वेळ.

बंगला रणदिवेबाईंचा. निवृत्त मुख्याध्यापिका, साठीच्या आसपास, नवरा वारलेला, घरात दुसरं कुणी नाही. कुत्रं त्यांना खंदकात सापडलं होतं. पाय मोडलेला, अंगात किडे पडायला लागलेले. त्यांनी गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, पायात सळई घातली, दोन महिने हातानं भरवलं. खोटं कशाला बोलू? बाई वाईट असत्या तर सगळं सोपं गेलं असतं.

"तुम्ही त्याला टाकून गेलात," त्या आबांना म्हणाल्या.

"टाकलं न्हाई बाई. गावलं न्हाई."

"मला ते मरायला टाकलेलंच दिसलं."

आबा उठले. "ऱ्हाऊ द्या आज," असं म्हणून चालायला लागले. हैबत्या लंगडत मागं निघाला तशी बाईंनी त्याचा पट्टा धरला. फाटक लागलं. मागून जे भुंकणं सुरू झालं ते वळणापर्यंत आमच्या पाठीशी होतं. आबा वळून बघत नव्हते. मीच म्हणालो, "आबा, कायद्यानं आणतो त्याला. बघाच तुम्ही."

"तुला येतंय व्हय ते?"

"तेच तर येतं मला."

खरंच वाटत होतं मला तसं. मेंढरं राखायला मी नालायक ठरलो होतो. लोकर कातरताना मेंढी जखमी करणारा धनगर अशी माझी ख्याती होती. पण कागद मला येत होता. आयुष्यात एकदा तरी बापाला काही आणून द्यावं, आणि ते माझ्या विद्येनं आणून द्यावं, अशी मला हाव सुटली.

शिवाय नुसती हौस नव्हती. त्या उन्हाळ्यात लांडग्यांनी आमची सात मेंढरं नेली होती. गेनूनं आणलेलं नवं कुत्रं लांडग्याच्या आधी पळायचं. मग आबाच काठी घेऊन रात्र रात्र मेंढरं कोंडलेल्या जाळीभोवती फिरायचे. गेनू मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "हैबत्या आला न्हाई तर आबा यंदाचा हिवाळा काढत न्हाईत, शिदू." छातीत घरघर सुरू झालेलीच होती.

पोलीस ठाण्यातले हवालदार मोठे रसिक निघाले.

"कुत्र्याची चोरी? पावती आहे का खरेदीची?"

"धनगराच्या कुत्र्याची पावती असते का साहेब?"

"मग चोरी कशाची? पावती नाही म्हणजे वस्तू नाही. वस्तू नाही म्हणजे चोरी नाही."

शेवटी आमच्या साहेबांनी फोन केला तेव्हा तक्रार घेतली गेली. मजकूर मीच सांगितला. 'माझे मालकीचे, तांबूस रंगाचे, उजव्या कानाचे टोक कापलेले' वगैरे. आबांनी न ऐकताच अंगठा दिला. त्यांना कागदाचं भय नव्हतं आणि आदरही नव्हता. कागदावर माणसं काय वाट्टेल ते लिहितात, असं त्यांचं मत होतं, आणि तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी त्यात फारसा बदल सुचवू शकत नाही.

तक्रार झाली तसा हैबत्या सरकारी भाषेत 'मुद्देमाल' झाला. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल बाईंच्याच ताब्यात राहील, असं लिहून घेतलं गेलं. आता कोर्टानं एवढंच ठरवायचं होतं की तो कुणाला द्यायचा.

आमचे वकील ढमाले. तोंडात सदा सुपारी.

"सिद्धनाथराव, म्हैस असती तर मी एका तारखेत सोडवली असती," ते म्हणाले. "म्हशीचा दाखला असतो. कुत्र्याला सातबारा नसतो. काहीतरी कागद आणा."

मी कागद गोळा करायला लागलो. ज्यांच्या रानात आमचा कळप बसायचा त्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं केली. कान कुणी कापला, कधी कापला, त्याचं निवेदन केलं. गेनूच्या लग्नाच्या फोटोत मांडवाखाली हैबत्या झोपलेला सापडला, तो मोठा करून आणला. फाइल चांगली बोटभर जाड झाली. मी ती घरी बायकोलासुद्धा दाखवली.

पहिल्या तारखेला बाईंच्या वकिलांनी तो फोटो हातात धरला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांना म्हणाले, "साहेब, यात कुत्र्याचा फक्त मागचा भाग दिसतो. ओळख चेहऱ्यावरून पटवतात, असा माझा समज आहे." कोर्टात सगळे हसले. मग त्यांनी आपले कागद मांडले. दवाखान्याचा केसपेपर, पायाचा एक्स-रे, लसीकरणाचं पुस्तक. प्रत्येकावर 'मालकाचे नाव' असा रकाना आणि त्यात बाईंचं नाव, सुवाच्य अक्षरात.

ढमाल्यांनी विनंती केली की कुत्रं इथं आणावं, मोकळं सोडावं, ते कुणाकडे जातं बघावं.

"हे कोर्ट आहे, वकीलसाहेब," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

त्यानंतर नुसत्या तारखा. पावसाळाभर आबा माणहून एस.टी.नं यायचे, मेंढरं मागं सोडून. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे. पुकारा झाला की उभं राहायचं, पुढची तारीख ऐकायची आणि परत एस.टी. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी स्वतः चढलो ते चढलो, वर बापालाही चढवलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. एकदाच विचारलं, "पाय टेकतुया का रं त्याला आता?"

"वकिलांना विचारतो," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

सहाव्या तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कंटाळून प्रकरण लोकअदालतीत धाडलं. तिथं दोन्हीकडचे समोरासमोर बसतात आणि जमलं तर तडजोड करतात. शनिवार होता. कोर्टाच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलापाशी कुणी ना कुणी भांडत होतं. आमच्या टेबलाशी एक निवृत्त न्यायाधीश होते, म्हातारे, मऊ बोलणारे. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं, बाईंचे कागद पाहिले, माझी फाइल उघडली आणि जरा वेळानं मिटली.

"बाई, कागदानं तुमची बाजू भक्कम आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या मनात काय आहे?"

रणदिवेबाईंनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला सहा महिने झोप नाही. त्या दिवशी हे गेल्यावर राजा तीन दिवस जेवला नाही. कागद माझ्याकडे आहेत, पण ते मीच तयार केले आहेत, हे मला कळतं." त्यांनी आबांच्या कमरेकडे बोट केलं. तिथं भंडाऱ्याची, म्हणजे आमच्या बिरोबाच्या हळदीची, छोटी पिशवी लटकत होती. आमच्यात ती कमरेची सुटत नाही. "आमचं कुलदैवत खंडोबा, त्यालाही भंडाराच असतो. यांच्या घरातल्या कुणीही तो भंडारा हातात घेऊन सांगावं की कुत्रं माझं आहे. बस्स. मी आज सोडते."

त्यांचे वकील उसळले. "मॅडम, हे काय बोलताय?" पण बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

न्यायाधीश म्हणाले, "तडजोड कशी करायची ते पक्षकारांनी ठरवायचं. माझी हरकत नाही."

मी तर आनंदानं हसलोच. एवढी बोटभर फाइल, सहा तारखा, आणि अखेर चिमूटभर हळदीवर सुटका! कुत्रं आमचं होतं यात शंका कुणाला होती? ढमाल्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. "आबा, उचला," मी म्हणालो.

आबांनी पिशवी सोडली. टेबलावर ठेवली. दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले.

"काय नाही जमायचं?"

"माझं हाय असं न्हाई म्हनता येत. भंडाऱ्यावर न्हाई."

मला वाटलं, त्यांना प्रश्नच समजला नाही. मी पुन्हा समजावून सांगायला लागलो. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि न्यायाधीशांकडे तोंड केलं.

"सायेब, त्येचं असं हाय. ह्याची आई लांडग्यानं फाडली, तवा ह्येचं डोळंबी उघडलं न्हवतं. चार पिल्लं हुती. तीन मेली. ह्ये गार पडलं हुतं. म्या घोंगड्यात घालून बिरोबाच्या पायरीवर नेऊन ठिवलं. म्हनलं, देवा, जगलं तर तुझं. म्या निस्ता सांभाळीन. उजाडताना रडलं. तवापासनं त्ये त्येचं हाय. मंग म्या माझं कसं म्हनू? आन् त्येच्याच भंडाऱ्यावर?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या साली मी कॉलेजच्या वसतिगृहात होतो. आता आठवू लागलो तर आबा आजवर कधीच 'माझं कुत्रं' म्हणाले नव्हते. 'मेंढरातलं कुत्रं' म्हणायचे. 'माझे मालकीचे' हे सगळं माझं होतं, अंगठा तेवढा त्यांचा.

"आबा, मी सांभाळलं असं तरी म्हणा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"सांभाळलं म्हनतो की. शंभरदा म्हनतो."

"सांभाळते तर मीही," बाई म्हणाल्या. तोडून नाही म्हणाल्या, विचारात पडल्यासारख्या म्हणाल्या.

त्यांच्या वकिलांनी मात्र संधी साधली. "म्हणजे अर्जदार स्वतःच सांगताहेत की ते मालक नाहीत. तेवढं लिहून घ्या साहेब. कुत्रं देवाचं असेल, तर आमच्याकडेही ते देवाचंच आहे की."

"व्हय की," आबा शांतपणे म्हणाले. "त्यात काय खोटं न्हाई." मग ते बाईंशी बोलायला लागले, जणू टेबलाशी दुसरं कुणी नव्हतंच. "बाई, तुमी त्येचा जीव वाचीवला. तुमचं त्येच्यावर माझ्याएवढंच हाय. माझं म्हननं येवढंच, की मेंढरंबी बिरोबाचीच हायती. त्येचं कुत्रं त्येच्या मेंढरांत असावं. रातचं त्येंना कुनी न्हाई. फुडं तुमाला वाटंल तसं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाबा, हे कायद्यात बसत नाही हो."

बाई आबांकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आणि मी म्हणालो, "मी उचलतो."

त्या काय बोलणार होत्या ते मला आजवर माहीत नाही. नाही कसं, माहीत आहे. त्या वेळी मात्र मला एवढंच दिसत होतं की हातातोंडाशी आलेला घास बाप स्वतःच्या हातानं सांडतोय. सहा महिन्यांची माझी मेहनत, कचेरीतल्या रजा, ती फाइल! आणि हिवाळा तोंडावर आलेला. मी देव मानत नव्हतो असं नाही, पण देवापेक्षा घरघर जवळची होती.

"बाई म्हणाल्या, घरातलं कुणीही. मी मुलगा आहे."

"शिदू, ठिव त्ये," आबा म्हणाले.

मी पिशवीत हात घातला. मूठभर भंडारा काढला. बोटांच्या फटीतून तो टेबलावरच्या कागदांवर सांडला.

"बिरोबाच्या भंडाऱ्याची शपथ, कुत्रं माझं आहे."

बाईंनी तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मी शब्द दिलाय." त्या मान खाली घालून सही करायला लागल्या. मी वर बघितलं तर आबांची खुर्ची रिकामी होती. रिकामी पिशवी तिथंच राहिली होती.

तडजोडनाम्यात लिहिलं गेलं, 'सदर कुत्रा सिद्धनाथ धुळा कोकरे यांचे मालकीचा असल्याचे उभयपक्षी मान्य.' वर गोल शिक्का. ढमाले म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करत होता तुमचा म्हातारा. वेळेवर सावरलंत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हैबत्याला फाटकात आणून दिलं. औषधाची बाटली दिली, लसीकरणाचं पुस्तक दिलं. त्यातलं स्वतःचं नाव खोडून त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात माझं लिहिलं होतं. "थंडीत पाय दुखतो त्याचा," त्या म्हणाल्या. "रात्री तेल लावत जा." आणि घाईनं आत गेल्या.

मी भाड्याची जीप करून त्याला माणला नेलं. माळावर मेंढरं चरत होती. जीप थांबायच्या आधीच हैबत्यानं उडी मारली, तीन पायांवर धावत सुटला, कळपाला एक वळसा घातला, मेंढरं हुंगली, आणि आबांच्या पायाशी जाऊन आडवा झाला. आबा खाली बसले. त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग पाय चाचपला, सळईच्या जागेवरून बोटं फिरवली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी लांब उभा होतो आणि मला वाटत होतं, आता ते माझ्याकडे बघून हसतील.

"घिऊन जा ह्येला," ते म्हणाले.

"आबा?"

"घिऊन जा. तुझ्या दारात बांध."

मला संताप आला. "तुमच्यासाठी आणलं ना मी! माझ्या काय उपयोगाचं? राग आला असेल तर मला चार शिव्या द्या, पण…"

"राग न्हाई रं बाबा." त्यांचा आवाज खरंच रागाचा नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू भंडारा उचलून म्हनलास, कुत्रं माझं. आता त्ये हितं मेंढरांत ऱ्हायलं, तर तू खोटा पडलास. खोटा भंडारा घर बघून येतुया, शिदू. तुझी पोर अजून पाळन्यात हाय." ते हैबत्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "तुझ्या दारात ऱ्हायलं, तुझ्या हातचं खाल्लं, तर तू म्हनलास त्ये खरं हुईल. येवढंच करन्याजोगं हाय आता. म्या बिरोबाला सांगीन माझं मी."

"आणि रात्री? लांडगे?"

"म्या हाय की."

मी रडलो, पाया पडलो, भंडाऱ्याबिंडाऱ्यात काही नसतं असंही बोलून गेलो. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग उचललास कशाला?" हैबत्या जीपमध्ये चढेना. शेवटी आबांनीच त्याला उचलून आत ठेवला, म्हणाले, "बस." तो बसला.

दिवाळीनंतर कळप नेहमीसारखा तालुक्याच्या गावावरून निघाला. मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या तशी हैबत्यानं साखळीला असा हिसका दिला की मीच ती सोडली. तो रस्त्यावर धावला आणि थेट आबांच्या पुढ्यात. आबा खूप वाळले होते. त्यांनी त्याला हात लावला नाही. काठी आडवी धरली आणि म्हणाले, "माघारी." मेंढरातल्या कुत्र्याला सांगतात तसं, एकदाच. हैबत्या कान पाडून मागं फिरला आणि माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. माझ्या हाकेला तो त्या दिवसापर्यंत एकदाही आला नव्हता. आबा चहाला थांबले नाहीत. मला म्हणाले, "खातंय ना?" मी हो म्हणालो. खोटं होतं.

वैशाखात परत येतानाही तेच झालं. पुढच्या दिवाळीलाही तेच. दर खेपेला ते त्याला एका शब्दानं मागं फिरवायचे, आणि दर खेपेला त्यांना तो शब्द काढायला जास्त वेळ लागायचा. हैबत्याला मी उपाशी मरू दिलं नाही एवढंच. बायको कालवून भात घालायची तो कधी खायचा, कधी नाही. मी रात्री त्याच्या पायाला तेल लावायचो. लावून घ्यायचा. बघायचा मात्र रस्त्याकडे.

त्यापुढच्या वैशाखात कळप आला तेव्हा पुढं गेनू एकटाच होता. आबा माघात कोकणातच गेले होते. जाळीभोवती फिरताना थंडीनं गाठलं आणि दोन दिवसांत संपलं. मी जाऊन माती देऊन आलो होतो, हैबत्याला कुणी सांगायचं?

मी त्याला सोडला. तो धावत गेला. कळपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत फिरला. सामानाच्या घोड्यावरच्या घोंगड्यांत नाक घातलं. पुन्हा पहिल्या मेंढरापाशी आला, पुन्हा शेवटच्यापर्यंत गेला. गेनू डोळे पुसत म्हणाला, "येऊ दे त्याला शिदू. आता कोन अडीवनार हाय?"

"ने," मी म्हणालो. माझं जे काय व्हायचं ते होवो, असं मी मनात म्हणालो होतो.

गेनूनं हाक मारली, मेंढरं हलली. हैबत्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आबा जिथं काठी आडवी धरायचे साधारण तिथंच. गेनूनं पुन्हा हाक मारली, पाठीवर थोपटलं, भाकरी दाखवली. तो जरा वेळ वाट बघत होता. मग कुणी काही म्हटलं नसताना आपल्याआपणच मागं फिरला, पाय ओढत आला आणि माझ्या पायरीवर बसला. गेनू कळप घेऊन पुढं गेला.